'तुमच्याबद्दल नाही हो म्हणत आम्ही!'

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला स्थलांतरितांबद्दलचं वेडंवाकडं बोलणं तीन बाजूंनी ऐकावं लागतं: गोऱ्या ओळखीच्यांकडून, आपल्याच मित्रमंडळींकडून आणि भारतातून येणाऱ्या फोनवरून. मी लेस्टरमध्ये एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, त्यामुळे पहिली बाजू माझ्या वाट्याला जरा जास्तच येते. गोळ्या मोजून होईपर्यंत माणसं काउंटरपाशी उभी असतात, आणि नुसतं उभं राहणं कुणाला जमत नाही. हवामान झालं, गुडघे झाले, की गाडी 'बाहेरून आलेल्यां'वर येते.

बोलणारे बहुतेक सज्जन असतात. त्यांच्या आईला रक्तदाबाची कुठली गोळी चालते आणि कुठली चालत नाही हे मला पाठ असतं. आज त्यांच्याशी कडाडून भांडले, तरी पुढच्या महिन्यात इनहेलर मीच देणार. खाली लिहिलंय ते अशा पुन्हापुन्हा भेटणाऱ्या माणसांसाठी आहे: शेजारी, सहकारी, मुलांच्या मित्रांचे आईवडील, नात्यातले, गोतावळ्यातले.

रात्रीच्या बसमधला दारू प्यालेला अनोळखी माणूस यात येत नाही. तिथे उत्तर देऊ नका, उतरा किंवा ड्रायव्हरजवळ जाऊन बसा. धोका वाटला तर ९९९, नंतर पोलिसांत तक्रार करायची असेल तर १०१. शौर्य दाखवायच्या जागा दुसऱ्या आहेत.

वाक्याचे दोन तुकडे करा

"या लोकांमुळे डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळत नाही." असल्या वाक्यात एक तक्रार असते आणि एक आरोपी असतो. तक्रार बहुधा खरी असते. सकाळी आठ वाजता जीपीला, म्हणजे आपल्या भागातल्या डॉक्टरकडे, फोन लावायचा, अर्धा तास ताटकळायचं आणि मग 'आजच्या वेळा संपल्या' हे ऐकायचं, हे माझ्याही वाट्याला येतं. आरोपी मात्र मागाहून चिकटवलेला असतो.

आपण काय करतो, तर आधी आरोपीच्या बचावाला धावतो. "असं बोलणं वर्णद्वेषी आहे." समोरच्याला ऐकू येतं, की माझी तक्रारच खोटी ठरवली. मग तो तक्रार आणि आरोपी दोन्ही घट्ट धरून बसतो. म्हणून आधी तक्रार हातात घ्या. "किती दिवस झाले प्रयत्न करताय? पायाची सूज वाढली का?" हे मनापासून विचारा. लगेच उलटा वार करण्यासाठी विचारलं तर ते कळतं लोकांना. त्याला दोन मिनिटं बोलू द्या. मग दुसरा तुकडा उचला: "अपॉइंटमेंटचं तुमचं अगदी खरं आहे. पण यात त्या बाहेरच्या लोकांचा काय संबंध, ते मला कळलं नाही."

आणि गप्प राहा. पुढचं वाक्य आपण बोलायचं नसतं, हे मला सगळ्यात अवघड जातं. शांतता दोन-तीन सेकंदच असते, पण जड असते. पुष्कळ जण तिथेच म्हणतात, "नाही म्हणजे, सगळ्यांनाच त्रास होतोय म्हणा." एवढं झालं की मी थांबते. त्याच्याकडून कबुलीजबाब लिहून घ्यायची मला गरज वाटत नाही.

कुणी पुढे रेटतंच. "अहो, माझ्या मेहुणीच्या शेजारी एक कुटुंब आलंय, सगळं फुकट मिळतं त्यांना." इथे एकच प्रश्न विचारायचा: "हे तुम्ही पाहिलंत, की ऐकलंत?" आवाज कसा हवा? 'ही गोळी जेवणाआधी घेता की नंतर?' असं मी ज्या आवाजात विचारते, तसा. चौकशीचा, उलटतपासणीचा नव्हे. ऐकीव गोष्टींना या देशात मोठा इतिहास आहे. २० एप्रिल १९६८ रोजी बर्मिंगहॅममध्ये इनॉक पॉवेल या खासदारानं स्थलांतराविरुद्ध जे भाषण केलं, त्यात वॉल्व्हरहॅम्प्टनच्या एका म्हाताऱ्या गोऱ्या विधवेची करुण कहाणी होती. शेजारी सगळे काळे, आणि ती एकटी उरलेली. त्या वेळी पत्रकारांनी गाव पालथं घातलं, पण ती बाई काही त्यांना सापडली नाही. भाषण मात्र घराघरात पोचलं. हेच पॉवेल साठच्या दशकाच्या सुरुवातीला आरोग्यमंत्री होते, आणि तेव्हाही या देशातली रुग्णालयं बऱ्याच अंशी बाहेरून आलेल्या नर्स-डॉक्टरांवर चालत होती.

एका वेळी एकच आकडा

मला आकडे आवडतात, धंदाच तसला आहे. पण गप्पांमध्ये एकापाठोपाठ चार आकडे फेकले की समोरच्याला वर्गात उभं केल्यासारखं वाटतं आणि पाचव्या मिनिटाला त्याला त्यातला एकही आठवत नाही. एक आकडा निवडा, तो खिशात ठेवा आणि वेळ आली की हळूच काढा.

'फुकट दवाखाना' या विषयावर माझा आकडा १,०३५. कामाच्या व्हिसावर येणारा प्रौढ माणूस एनएचएससाठी, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी, दरवर्षी इतके पौंड अधिभार भरतो, फेब्रुवारी २०२४ पासून हा दर आहे. पगारातून टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स कापला जातो तो निराळाच. आरोग्यसेवेच्या व्हिसावर येणाऱ्यांना यातून सूट आहे, हेही माहीत असू द्या, कारण कुणीतरी नेमकं तेच काढतं. ('त्यांना सूट का?' तर ते आपल्याच आजोबांना आंघोळ घालायला आलेत म्हणून.)

'बोटी' या विषयावर दोन आकडे एका वाक्यात बसतात: २०२२ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडून छोट्या बोटींतून सुमारे ४६ हजार माणसं आली आणि त्याच वर्षी या देशात दीर्घकाळ राहायला आलेल्यांची एकूण संख्या दहा लाखांहून जास्त होती. टीव्हीवर पाहून लोकांना हे प्रमाण उलटं वाटतं. 'चैन करतात' या विषयावर ४९. स्वतःचं जेवण स्वतः करणाऱ्या असायलम (आश्रय) अर्जदाराला २०२४ मध्ये आठवड्याला साधारण इतके पौंड मिळत होते. काम करायची परवानगी सहसा नसते. अर्ज वर्षभर अडकून पडला तर ती मागता येते, तीसुद्धा ठरावीक कामांसाठी.

आकडा सांगून झाला की विषय सोडा. तो मुरायला वेळ लागतो.

'तुम्ही वेगळ्या हो'

आता शीर्षकातलं वाक्य. स्थलांतरितांना यथेच्छ झोडपून झालं, की समोरच्याला अचानक माझा चेहरा दिसतो आणि तो घाईघाईनं म्हणतो, "तुमच्याबद्दल नाही हो म्हणत आम्ही! तुम्ही चांगल्या आहात." यावर हसून मान डोलावणं फार सोपं असतं. आपल्याकडच्या पुष्कळ जणांना तर हे प्रशस्तिपत्रकच वाटतं. मान डोलावलीत, की त्याच्या लेखी तुम्ही सही करून मोकळे झालात: वाईट लोक वेगळे, तुम्ही वेगळे.

मी हसतेच, पण विचारते, "मग कुणाबद्दल?" बहुतेक वेळा उत्तर नसतं. असलं तर ते टीव्हीवरून आलेलं असतं. कधी जास्त वेळ असेल तर सांगते, की मीही बाहेरूनच आले, माझ्याही पासपोर्टवर शिक्का होता, आणि मला सुरुवातीला मदत करणारी शेजारीण सोमालियाची होती. स्वतःबद्दलचं एखादं साधं वाक्य इथे आकड्यापेक्षा चालतं. मात्र आपण किती कष्टाळू, मुलं किती हुशार, टॅक्स किती भरतो याची जंत्री देऊ नका. ती देताना आपण नकळत मान्य करतो, की माणूस म्हणून वागवून घ्यायला आधी गुण दाखवावे लागतात.

विनोदाचं वेगळं आहे. "मला कळला नाही, समजावून सांगा ना" असं निरागस चेहऱ्यानं विचारायचा सल्ला सर्रास दिला जातो. चालतो, यात शंका नाही. सांगणाऱ्याची बोबडी वळते आणि बाकीचे मजा बघतात. पण त्यात माणूस चारचौघांत उघडा पडतो आणि तो ते विसरत नाही. मी हे हत्यार वरच्या पदावरच्या माणसांसाठी राखून ठेवलंय. बरोबरीच्यांसाठी न हसणं पुरतं. चेहरा सरळ ठेवून पुढच्या विषयाकडे वळलं, तर विनोद तिथेच आडवा होतो.

आपल्याच बैठकीत

खरं जड काम घरात आहे. गणपतीच्या जेवणानंतर पुरुष सोफ्यावर, बायका डायनिंग टेबलाभोवती (इंग्लंडला येऊनही हे सुटलं नाही), आणि कुणीतरी दादा सुरू होतात: "आपण कायद्यानं आलो. रांगेत उभे राहिलो, फिया भरल्या. हे लोंढे बोटीतून येतात आणि हॉटेलात राहतात." सगळे माना हलवतात, कारण पहिला भाग खरा आहे.

इथेही तेच करा, तक्रार आधी उचला. आयएलआरची, म्हणजे इथे कायम राहायच्या परवानगीची, फी एप्रिल २०२५ मध्ये माणशी ३,०२९ पौंड झाली. चौघांच्या कुटुंबाला बारा हजारांवर जाते. संताप येणारच. "दादा, फीचं अगदी बरोबर आहे तुमचं. पण ती होम ऑफिसनं, म्हणजे गृहखात्यानं लावली ना? बोटीतल्या माणसानं तर नाही लावली." दादा म्हणणार, "पण त्यांनी कायद्यानं यावं की." तेव्हा शांतपणे सांगा, की युक्रेन किंवा हाँगकाँगसारख्या ठरावीक योजना सोडल्या, तर असायलम मागण्यासाठी येण्याचा व्हिसा मिळत नाही; अर्ज करायला आधी इथल्या जमिनीवर पाय ठेवावा लागतो. आपण ज्या रांगेत उभे राहिलो, ती त्यांच्यासाठी नव्हतीच. आणि लोंढ्यांचंच म्हणाल, तर २०२२ आणि २०२३ मध्ये कामाचे आणि शिक्षणाचे सर्वांत जास्त व्हिसा भारतीयांना मिळाले. वर्तमानपत्रातल्या त्या चढत्या आलेखात आपली मुलं, भाचे, पुतणे आहेत.

'आम्ही कायद्यानं आलो' या वाक्यावर एवढी मदार ठेवू नये, असं मला वाटतं. कॅरिबियन बेटांवरून १९४८ पासून जी माणसं आली, तीही कायद्यानंच आली होती. २०१८ मध्ये उघड झालं, की त्यांच्यातल्या कित्येकांकडे कागद नाहीत म्हणून नोकऱ्या गेल्या, उपचार नाकारले गेले, काहींना देशाबाहेर काढलं. त्यांच्या आगमनाची जुनी कार्डं होम ऑफिसनंच २०१० मध्ये नष्ट केली होती. आणि आमच्या गावाचं तर काय सांगावं! ऑगस्ट १९७२ मध्ये हुकूमशहा इदी अमीननं युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांची मुदत दिली. सप्टेंबरमध्ये लेस्टरच्या महापालिकेनं युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली: तुमच्या आणि तुमच्या कुटुंबाच्या हितासाठी लेस्टरला येऊ नका. सुमारे २८ हजार माणसं ब्रिटनमध्ये आली आणि त्यातली पुष्कळ हट्टानं लेस्टरलाच आली. बेलग्रेव्ह रोडवर ज्या दिवाळीच्या दिव्यांखाली आपण फोटो काढतो, ते याच महापालिकेचे. मी ही गोष्ट बैठकीत अनेकदा सांगते. ती ऐकल्यावर कुणी लगेच बदलतं असं नाही, पण 'ते' आणि 'आपण' यांच्यातली रेघ थोडा वेळ तरी पुसट होते.

याहून अवघड म्हणजे तोंडात बसलेले शब्द. आफ्रिकन माणसासाठी 'काळ्या', 'हबशी'. पूर्व युरोपातल्या कामगारांना सरसकट चोर म्हणणं. मुसलमानांबद्दल तर विचारूच नका. मराठीत बोलतोय, कुणाला कळतंय, हा त्यातला दिलासा. ज्यांना कळतं ती मुलं शेजारच्या खोलीत टॅब्लेट घेऊन बसलेली असतात, आणि सोमवारी अशाच घरांतल्या मित्रांशेजारी वर्गात बसायची असतात.

तरीही "दादा, मुलं ऐकताहेत" असं म्हणू नका. त्याचा अर्थ होतो, मुलं झोपल्यावर बोला. "दादा, हा शब्द नको. मला तो सहन होत नाही." एवढं म्हणा. आवाज न चढवता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. आपल्याकडे थोरल्या माणसाला चारचौघांत टोकणं उद्धटपणाचं समजतात, आणि दादांचा पारा चढला की वहिनींची संध्याकाळ नासते. म्हणून मी एक नियम पाळते: चारचौघांत शब्द आला, तर चारचौघांत एक वाक्य बोलायचं, एकच. बाकीची चर्चा निघताना, गाडीपाशी, दोघांतच. एक वाक्यसुद्धा नाही बोललं, तर खोलीतल्या प्रत्येकाला वाटतं की बाकी सगळ्यांना हे मान्य आहे. आणि मोठी चर्चा तिथेच काढली, तर दादा स्वतःची बाजू लढवायला त्या शब्दाला आणखी चार शब्द जोडतात.

गाडीपाशी काय बोलायचं? "दादा, तुम्हाला इथे पहिल्यांदा कुणी काय म्हणालं होतं?" सत्तर-ऐंशीच्या दशकात आलेल्यांपैकी बहुतेकांनी रस्त्यावर शिवी खाल्लेली आहे, आणि शिवी देणारा भारत-पाकिस्तान असा भेद करत बसत नव्हता. पुष्कळांनी ते मुलांनाही कधी सांगितलेलं नसतं. एकदा का ते बोलायला लागले, की तुम्ही नुसतं ऐका. 'बघा, म्हणूनच' असं म्हणायचा मोह आवरा. जोड त्यांची ते लावतील, किंवा नाही लावणार.

भारतातला फोन

हे लवकर आटपतं. मामा व्हिडिओ पाठवतात: 'लंडन संपलं!' मामांशी वाद घालू नका, अंतर फार आहे. दोनच गोष्टी करा. तो व्हिडिओ पुढे पाठवू नका, आणि विचारा, "मामा, हा कुठला, कधीचा?" बेफिकिरीनं पाठवलेल्या अफवेची किंमत इथे मोजावी लागते. २९ जुलै २०२४ रोजी साउथपोर्टमध्ये तीन लहान मुलींची हत्या झाली. हल्लेखोर नुकताच बोटीतून आलेला असायलम अर्जदार आहे, अशी अफवा काही तासांत पसरली. तो कार्डिफमध्ये जन्मलेला मुलगा निघाला. तरी दुसऱ्याच दिवशी तिथल्या मशिदीवर हल्ला झाला, आणि ४ ऑगस्टला रॉदरहॅममध्ये असायलम अर्जदार राहत असलेल्या हॉटेलला आग लावायचा प्रयत्न झाला. त्याआधी, २०२२ मध्ये, आमच्याच शहरात हिंदू-मुसलमान तणाव पेटला, तेव्हा मुलीच्या अपहरणाच्या प्रयत्नाची बातमी फोनाफोनी फिरत होती. पोलिसांना असं काही घडलंच नसल्याचं जाहीर करावं लागलं. मामांना हे सांगितलं तर ते म्हणतात, "बरं बाई, काळजी घे." चालेल.

कामाच्या ठिकाणी

इथे गप्पांचे नियम थोडे बाजूला ठेवा, कारण कायदा तुमच्या बाजूला आहे. २०१० च्या समानता कायद्यात रंग, राष्ट्रीयत्व, वांशिक किंवा राष्ट्रीय मूळ यावरून होणारा छळ बेकायदा आहे. बोलणं तुम्हाला उद्देशून असायलाच हवं असंही नाही. त्याच दिवशी लिहून ठेवा: तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द जसेच्या तसे, कोण कोण हजर होतं. 'फार वाईट बोलला' असं लिहिलेलं उपयोगाचं नसतं. शिवी असेल तर शिवी लिहा, लाजू नका. मॅनेजरला तोंडी सांगितलं तरी संध्याकाळी ईमेलनं 'आज आपण असं असं बोललो' हे पाठवा. प्रकरण ट्रायब्युनलपर्यंत, म्हणजे नोकरीविषयक न्यायाधिकरणापर्यंत, न्यायचं झालं तर आधी एकास या नोकरीतले तंटे मिटवणाऱ्या संस्थेला कळवावं लागतं आणि मुदत लहान असते, म्हणून युनियन असेल तर आधीच गाठा.

गिऱ्हाइकानं आमच्या एखाद्या सहकाऱ्याला उद्देशून असा शब्द काढला, तर मी काउंटरवरून म्हणते, "औषध देते, पण हा शब्द इथे चालणार नाही." औषध रोखायचं नाही, शब्द रोखायचा. आणि ते त्या सहकाऱ्यानं स्वतः म्हणण्याआधी मी म्हणायचं.

गिऱ्हाईक गेल्यावर लगेच त्या सहकाऱ्याकडे जा. बहुतेक जण इथे चुकतात: "मनावर घेऊ नकोस", "त्याची बायको वारली ना, म्हणून तो असा झालाय", "तो तसा नाही गं." हे सगळं त्या माणसाची वकिली करणारं आहे. आपण स्वतः किती अस्वस्थ झालो हेही सांगू नका, नाहीतर तिलाच तुमची समजूत काढावी लागते. "मी ऐकलं. तक्रार करायची असेल तर साक्षीदार म्हणून माझं नाव घाल. थोडा वेळ आत बसतेस का, काउंटर मी बघते." ती नको म्हणाली तर नको. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा विचारा, कारण त्या क्षणी सगळेच नको म्हणतात.